जर्मनीतलं विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना किती सांभाळतं?

तू लिहिलंयस, ‘ताई, बायर्नमधल्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरला निघतेय. तिथलं इंटरनॅशनल ऑफिस खरंच मदत करतं का? एकटं वाटतं का? आणि तुम्ही परत हाच निर्णय घ्याल का?’ मी बायर्नमध्येच, म्हणजे बव्हेरियात, अशा एका ऑफिसात काम करते. नाशिकहून, सांगलीहून, अकोल्याहून आलेली तुझ्यासारखी मुलं रोज समोर येऊन बसतात. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

भारतातली कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र, राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरायचे पैसे, आरोग्य विमा, वर्षाला किती दिवस काम करता येतं, हे सगळं दूतावासाच्या आणि डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) संकेतस्थळावर नीट लिहिलेलं आहे. ते मी इथे लिहीत नाही. जे तिथे नाही ते सांगते.

मदत आहे, आणि ती खरी आहे. पण इथली यंत्रणा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, न विचारलेलं आपणहून सांगत नाही. आपल्याकडे कॉलेजच्या क्लार्कने चार शब्द ओरडून का होईना, ‘अगं, उद्या शेवटची तारीख आहे’ असं सांगितलेलं असतं. इथे तारीख पोर्टलवर असते, आणि ती तू पाहिलीस असं गृहीत धरलं जातं. दुसरं म्हणजे मदत चार दारांमागे वाटलेली आहे. इंटरनॅशनल ऑफिस एक. होस्टेल, मेन्झा म्हणजे कॅन्टीन, आणि मानसिक समुपदेशन श्टुडिरेंडेनवेर्ककडे असतं, ती विद्यापीठापासून वेगळी संस्था आहे. कोणते विषय घ्यायचे हे विभागाचा अभ्यास-सल्लागार सांगतो. परीक्षेचं सगळं प्र्युफुंग्सआम्ट, म्हणजे परीक्षा कार्यालयाकडे. मुलं चुकीच्या दाराशी दोन आठवडे ईमेलची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात मुदत संपते. २०२२-२३च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सगळ्यात जास्त आहेत. पुढच्याच वर्षी आकडा ४९ हजारांवर गेला. आमच्या ऑफिसातली माणसं त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. म्हणून ‘मला मदत हवी आहे’ असा ईमेल लिहू नकोस. मॅट्रिकेल नंबर (विद्यापीठातला तुझा नोंदणी क्रमांक), कुठल्या कागदावर कुठली तारीख आहे, आणि तुला नेमकं काय हवंय, एवढं लिही. उत्तर येतं.

आता परीक्षा. हे दोनदा वाच, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त रडणं याच गोष्टीवरून झालेलं आहे. प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं होत नाही. प्रत्येक पेपरची वेगळी नोंदणी असते आणि तिची खिडकी ठरावीक दिवसच उघडी असते. एका पेपरला बहुतेक ठिकाणी तीन संधी असतात, तुझ्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत नेमकं काय ते बघ. शेवटची संधी गेली की ‘कायमचं अनुत्तीर्ण’ असा शेरा येतो, नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. निवासाचा परवाना शिक्षणावर टांगलेला असतो, म्हणून तोही डगमगतो.

आपली मुलं इथे एका विशिष्ट ठिकाणी अडकतात. अंगात ताप असला तरी पेपर द्यायचा, पेपर चुकवणं म्हणजे वर्ष वाया, हे आपल्या हाडात मुरलंय. इथे आजारी असताना पेपरला बसलीस की तो धरला जातो आणि एक संधी खर्ची पडते. त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलीस आणि दाखला विनाविलंब परीक्षा कार्यालयात दिलास, तर ती संधी शाबूत राहते. काही विभागांना दाखला ठरावीक नमुन्यातच लागतो, काहींना सरकारी डॉक्टरचा. हे आजारी पडण्याआधी विचारून ठेव. ताप असताना नियमावली वाचणं कोणाला जमत नाही.

कागदपत्रांबद्दल मला इतकं साठलेलं आहे की थांबवावं लागतं. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. काही जण खोली देतात आणि पत्र देत नाहीत. अशी खोली स्वस्त असली तरी घेऊ नकोस, त्या पत्राशिवाय पुढचं सगळं अडतं. खोली न दाखवता डिपॉझिट मागणारा माणूस चोर समज. टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटव, चार जणी मिळून राहत असलात तरी. पेटीवर नाव नाही म्हणून विमा कंपनीची पत्रं परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आपल्या पासपोर्टात पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. ते जसं आहे तसंच बँकेत, विम्यात, विद्यापीठात लिही. एके ठिकाणी गाळलंस की दोन कार्यालयांच्या लेखी तू दोन माणसं होतेस. पिवळ्या पाकिटात पत्र आलं तर ते सरकारी आहे. पाकिटावर पोस्टमनने तारीख घातलेली असते आणि मुदत तिथून मोजली जाते. ते पाकीट फेकू नकोस, आणि उघडून त्याच दिवशी आमच्याकडे ये.

व्हिसा संपण्याच्या आत आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, मुदतवाढीचा अर्ज पोचला पाहिजे. भेटीची वेळ महिनोन् महिने मिळत नाही, पण अर्ज वेळेत गेल्याचा पुरावा असेल तर निर्णय होईपर्यंत तुझा मुक्काम कायदेशीर राहतो. तेव्हा मिळतो तो कागद म्हणजे फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग. त्यावर चौकटी असतात. परवाना चालू असल्यासारखा धरणारी, निवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाची चौकट असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्याची असेल तर परत येता येत नाही. तिकीट काढण्याआधी ती चौकट कोणालातरी दाखव. साताऱ्याचा एक मुलगा आजी गेली तेव्हा घरी गेला नाही, कारण हातातल्या कागदावर जाता येतं की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. जाता येत होतं. तो महिन्याने दुसऱ्याच कामासाठी आला तेव्हा बोलण्यातून मला हे कळलं.

आणि इथेच आमच्या मदतीची हद्द आहे. आम्ही पत्र समजावतो, सोबत फोन लावतो, शिफारस लिहितो. परवाना आम्ही देत नाही, आणि निर्णय आमच्या हातात नाही. आईवडिलांशी तर आम्हाला बोलताही येत नाही. कोल्हापूरहून, लातूरहून वडिलांचे फोन येतात. ‘मॅडम, पोरगं आठवडाभर फोन उचलत नाही, कॉलेजला येतंय का एवढंच सांगा.’ मला त्यांची भाषा येते, आवाजातली भीती कळते, आणि गोपनीयतेच्या कायद्याने मी त्यांना मुलगा आमच्याकडे शिकतो एवढंसुद्धा सांगू शकत नाही. ‘काका, त्याला आमच्याशी संपर्क करायला सांगा’ एवढं म्हणून फोन ठेवते. जिवाला काही धोका वाटला तर मार्ग वेगळे असतात, पण एरवी नाही. कायदा बरोबर आहे. अठरा वर्षांच्या पुढच्या मुलांना त्यामुळे मोकळेपणाने आमच्याकडे येता येतं. तरी असा फोन झाल्यावर पुढच्या मुलाला आत बोलवायला मला थोडा वेळ लागतो. तू निघण्याआधी घरच्यांना हे सांग, आणि एका मैत्रिणीचा नंबर त्यांच्याकडे ठेव.

एकटेपणा. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात. मंडळ शोध, कोर्समधल्या दोघांबरोबर रोज मेन्झात जेव, वसंतात बरं वाटतं. त्यापलीकडे गेलं, झोप उडाली, तास चुकायला लागले, तर श्टुडिरेंडेनवेर्कचं समुपदेशन फुकट असतं. तिथलं बोलणं विद्यापीठाला कळत नाही, परवान्यावर त्याची नोंद होत नाही, घरी कोणी कळवत नाही. हे तीनही प्रश्न मुलं मला दबक्या आवाजात विचारतात.

शेवटचा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर द्यायचं तर लेकीबद्दल सांगावं लागेल. आम्ही आलो तेव्हा ती दुसरीत होती. बायर्नमध्ये चौथीनंतर मुलं तीन वाटांना लागतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात, २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधली वाट. श्रेणी १ सगळ्यात चांगली. तिला गणितात १ होता, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. सरासरी २.६६. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलीला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, तिची वाट जर्मनच्या चौकाराने ठरली. शाळेने आम्हाला ‘घरी जर्मन बोला’ असं सांगितलं. मी माझ्या मुलीशी मराठीत बोलणं सोडलं नाही आणि ते बरोबरच होतं. पण तीन दिवसांच्या चाचणी-वर्गात, जर्मन आणि गणित देऊन, गिम्नाझिउमचा प्रवेश मिळवता येतो हे त्या शाळेत आम्हाला कोणी बोललं नाही. कळलं तेव्हा मुदत गेलेली होती. आम्ही विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीचं अस्तित्वच ठाऊक नाही ती कोण कशी विचारणार?

मी ही नोकरी त्यानंतर धरली. लेक आता फाखओबरशूलेत आहे, तिथून पुढे विद्यापीठाची वाट उघडते, आणि ती आनंदात आहे. ‘आई, झालं ते झालं’ म्हणते. माझ्याकडून ते अजून होत नाही. मास्टर्सचे अर्ज बघताना भारतातले गुण जर्मन श्रेणीत बदलायचं सूत्र लावावं लागतं. त्यालाही बायर्नचंच नाव आहे, सुधारित बायरिश सूत्र. दहापैकी आठ सीजीपीए, पास व्हायला चार लागत असतील तर उत्तर येतं २.०. ते गणित करताना दशांशाच्या त्या बाजूला कोण बसलंय हे मला दर वेळी आठवतं.

तर परत हाच निर्णय घेईन का? स्वतःसाठी घेईन. इथे मला जे काम मिळालं ते मला मनापासून आवडतं. लेकीसाठी काय म्हणावं ते आजही सांगता येत नाही. तू एकटी येतेयस, चोविशीत, मुलांचा प्रश्न तुला आज नाही. लग्न करून इथेच राहिलीस तर या परिच्छेदाकडे परत ये.

आत्ता एवढं कर. सत्र सुरू होण्याआधीचा ओळखसप्ताह चुकवू नकोस, स्वस्त तिकिटासाठी उशिरा येऊ नकोस. नव्या विद्यार्थ्याला जुन्याची जोडी लावून देणाऱ्या बडी कार्यक्रमात नाव आधीच घाल, जोड्या लवकर संपतात. आणि पहिल्या आठवड्यात काहीही अडचण नसताना इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन स्वतःची ओळख करून दे. पुढे अडचण आली की तिथे तुला चेहऱ्याने ओळखणारं कोणीतरी असेल. काही विचारायचं असेल तर लिही, मी उत्तर देईन. विषय किरकोळ वाटला तरी लिही.