दुकानांपुढची वाट आधी मोकळी करा

प्रश्न : नेरूळमधील आमच्या सेक्टरचा बाजार म्हणजे समोरासमोरच्या दुकानांच्या दोन रांगा. माझ्या वडिलांनी तेथे स्टेशनरीचे दुकान थाटले, ते आता मी चालवतो. गिऱ्हाईक मॉलकडे आणि मोबाईलवरून घरपोच माल मागवण्याकडे वळले आहे, बरेच गाळे बंद आहेत. आमच्या व्यापारी मंडळाने बाजाराचा कायापालट करायचे ठरवले असून कमान, रंगरंगोटी, नवे दिवे आणि फेरीवाल्यांना हटवण्यासाठी महापालिकेला निवेदन असा बेत आहे. रहिवाशांचीही साथ हवी आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक दुकानदार, नेरूळ

उत्तर : आपले पत्र आल्यानंतर एका गुरुवारी संध्याकाळी मी आपल्या बाजारात तासभर उभी राहिले. एक आजोबा औषधांच्या दुकानाकडे निघाले होते. दुकानांपुढची जी गॅलरी पावसापाण्यात गिऱ्हाइकाला कोरडे चालता यावे म्हणून ठेवलेली असते, ती प्लास्टिकच्या बादल्या, शीतपेयांचा फ्रीज आणि तांदळाच्या गोण्यांनी भरलेली होती. आजोबा खाली रस्त्यावर उतरले, उभ्या दुचाकींमधून वाट काढत गेले आणि पुन्हा पायरी चढताना त्यांनी आधाराला भाजीच्या हातगाडीचा दांडा धरला. भाजीवालीने एका हाताने गाडी घट्ट धरून ठेवली. दुसऱ्या हाताने कोथिंबिरीवर पाणी शिंपडणे चालूच होते. तिच्याकडून भाजी घेतलेल्या बायकांपैकी काही जणी तशाच पुढे किराणा दुकानात शिरल्या, हेही मी पाहिले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कमानीचा खर्च तूर्त बाजूला ठेवा आणि निवेदन देण्याआधी आपल्याच सभासदांनी मोकळ्या जागेत, म्हणजे मार्जिनल स्पेसमध्ये, मांडलेला माल आत घ्यावा. हे ऐकायला कटू आहे आणि छोट्या गाळ्यात माल मावत नाही ही अडचण खरी आहे, हे मी जाणते. परंतु ज्या मंडळाने स्वतःची गॅलरी मोकळी केली आहे, त्याच्याच शब्दाला रहिवासी आणि विभाग कार्यालय मान देतील.

फेरीवाल्यांविषयी कायदा काय सांगतो, तेही पाहावे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतील किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. त्याच समितीत व्यापारी संघटना आणि रहिवासी संघटनांनाही स्थान आहे. म्हणजे ज्यांना आपण हटवू पाहता, त्यांच्या शेजारी बसूनच जागा ठरवावी, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. आपल्या बाजाराच्या समितीतही भाजीवाली, आसपासच्या सोसायट्यांतील दोन-तीन जण आणि गाळ्यांचे मालक व भाडेकरू असे दोघेही असू द्या. बंद गाळ्यांचे मालक बहुधा दुसरीकडे राहतात आणि त्यांना बोलावल्याखेरीज ते गाळे बंदच राहतात.

समिती झाली की पहिले काम मोजणीचे. बाजाराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन स्वयंसेवक बसवून एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास, किती माणसे आली, त्यांतल्या बायका किती, वृद्ध किती, हे वहीत टिपावे. बाहेर पडणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : आज आपल्याला येथे काय मिळाले नाही? चपला दुरुस्त करणारा, शिलाई मशीनचा कारागीर, पिठाची गिरणी अशी उत्तरे आली, तर बंद गाळ्यात कोणाला आणायचे ते त्यातूनच कळते. घरपोच माल देणाऱ्या कंपनीशी भावात टक्कर घेता येणार नाही. जे हातात घेऊन, घालून पाहून किंवा समोर दुरुस्त करून घ्यावे लागते, त्यासाठी मात्र माणूस चालत येतो.

पैशाच्या बाबतीत टोरांटोचा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील ब्लूर वेस्ट व्हिलेज या वस्तीखालून १९६० च्या दशकात भुयारी रेल्वे सुरू झाली, नवे मॉल आले आणि रस्त्यावरची वर्दळ घटली. दुकानदारांनी सुधारणा हाती घेतल्या, पण वर्गणी ऐच्छिक असल्यामुळे थोडेच देत आणि लाभ सगळेच घेत. तेव्हा त्यांनी कायद्याचा आग्रह धरला आणि १९७० मध्ये त्या पट्ट्यातील प्रत्येक व्यवसायाकडून महापालिकेमार्फत आकारणी होऊन ती रक्कम दुकानदारांच्याच मंडळाकडे येऊ लागली. त्यातून दिवे, झाडे, बाके उभी राहिली. आपल्याला वर्गणीवरच भागवायचे असल्याने ती गाळ्याच्या आकारानुसार ठरवावी आणि जमाखर्च दर महिन्याला बाजारातल्याच फळ्यावर लावावा. फेरीवाल्यांकडूनही अल्पशी का होईना, वर्गणी घ्यावी, म्हणजे त्यांनाही हिशेब विचारता येईल.

महापालिकेकडे मागणी नेण्यापूर्वी ती करून पाहावी. खडूने रेघा आखून, दोऱ्या बांधून एक आठवडा चालण्याची वाट, हातगाड्यांची रांग आणि दुचाकींची जागा वेगळी करा. पायरीशी फळीचा उतार ठेवा. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळला गेला, तोही असाच एक दिवसाचा प्रयोग होता. आठवड्याभराने पुन्हा मोजणी करा आणि दोन्ही मोजण्यांचे कागद घेऊन विभाग कार्यालयात जा. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडले जाते, म्हणून दिवाळीपूर्वी अर्ज गेलेला बरा. अर्जात एकच काम मागा. माझ्या मते ते गॅलरीच्या दोन्ही टोकांना पक्का उतार करून देण्याचे असावे.

प्रश्न : आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. दुकानांसमोरचे पार्किंग काढले तर गिऱ्हाईक येणार नाही, असे दुकानदार म्हणतात. ते खरे आहे का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : अनेक शहरांतील पाहण्यांत असे आढळले आहे की, गाडीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रमाण दुकानदार प्रत्यक्षापेक्षा बरेच अधिक धरतात. दिवाळी पहाटेला राम मारुती रस्त्यावर आणि तलावपाळीला लोटणारी गर्दी पायीच फिरते, हे आपण दरवर्षी पाहताच. तरीही वाद घालण्याऐवजी सकाळी अकरा वाजता आपल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचे क्रमांक टिपा आणि दुपारी चार वाजता पुन्हा पाहा. ज्या गाड्या हललेल्याच नाहीत, त्या गिऱ्हाइकांच्या नसून दुकानदारांच्या किंवा त्यांच्या नोकरांच्या असण्याचा संभव अधिक. ती यादी घेऊन आधी दुकानदारांकडेच जा, वाहतूक पोलिसांकडे नंतर.