आम्ही देवगडचे. बाबांची पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोनच्या ग्रंथीची) गाठ ४ वर्षांनी परत वाढली. पुन्हा नाकातूनच ऑपरेशन करता येतं का?

हो, येतं. आमच्या मामांचंही दुसऱ्यांदा नाकातूनच झालं. पण आधी गाठीचा प्रकार विचारा. प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन बनवणारी असेल तर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते.

दुसरी खेप पहिलीपेक्षा किचकट, कारण आत व्रणाच्या ऊती चिकटलेल्या असतात आणि ओळखीच्या खुणा पुसलेल्या. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचा धोकाही वाढतो. ते भोक बुजवायला नाकाच्या पडद्यावरची आतली ओलसर त्वचा वापरतात. ती मागच्या वेळी वापरली असेल तर कधीकधी मांडीतून पापुद्रा घेतात. म्हणून जुनी डिस्चार्ज फाइल, ऑपरेशन नोट आणि सगळ्या एमआरआयच्या सीडी बरोबर न्याच. गाठ बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला बिलगली असेल तर तेवढा भाग ठेवून नंतर रेडिएशन देतात. नजरेची कड अंधारत असेल तर मात्र थांबू नका.

देवगडहून बांबोळी (गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) जवळ, मुंबई लांब. तरी अंतरापेक्षा सर्जनने अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं किती केलीत ते बघा, आणि सोबत कान-नाक-घसा व हॉर्मोनचे डॉक्टर आहेत ना, तेही.

घरी आल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, आंब्याच्या पेट्या उचलायच्या नाहीत (ऐन हंगामात बाबा ऐकणार नाहीत, लक्ष ठेवा). नाकातून पाण्यासारखं टपकलं, फार तहान-लघवी लागली किंवा ताप-डोकेदुखी आली, तर त्याच दिवशी फोन करा.