आधी गाऊन दाखव

बेटा,

तू कॉम्प्युटरवर बांधलेल्या गाण्याची फाईल ऐकली. ट्रॅकवर ट्रॅक चढवलेत, पण त्यांत चाल कुठे आहे ते मला सापडलं नाही. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, मिडी कीबोर्ड (दाबलेले सूर कॉम्प्युटरला आकड्यांत कळवणारा) घ्यावा का, नोटेशनसाठी नागपूरला क्लास लावावा का, असं तू विचारलंस. त्याची उत्तरं नंतर. आधी ती चाल मला गाऊन दाखव. गळा नसेल तर गुणगुण. तोंडात बसलेलं नाही ते माउसने पडद्यावर टाकायचं नाही.

फाईल उघडूनही पाहिली. गाणं दादऱ्यातलं, सहा मात्रांचं. सॉफ्टवेअर मात्र उघडल्या उघडल्या चार-चारचं माप, म्हणजे एका बारला (दोन उभ्या रेघांमधल्या खणाला) चार ठोके, आणि मिनिटाला १२० ठोके धरून बसतं. तू ते तसंच राहू दिलंस. त्यामुळे दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, दुसऱ्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर पडते, तिसऱ्याची पुन्हा रेघेवर येते, चौथ्याची पुन्हा सुटते. टिकटिक एकीकडे ओढते, ढोलकी दुसरीकडे. तुला वाटलं लॅपटॉप अडखळतो, म्हणून बफर बदललास, ड्रायव्हर बदललास. अरे, टाळी देत एकदा म्हटलं असतंस तर पहिल्याच ओळीला हाताला कळलं असतं! माप तीन-चार कर. दोन बारमध्ये एक आवर्तन बसेल, पहिल्याच्या तोंडाशी सम, दुसऱ्याच्या तोंडाशी खाली, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा. आणि गती तुझ्या टाळीवरून ठरव, १२० वरून नाही.

ढोलकीचंही तेच. मिडीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ मध्ये लिहिता येतो आणि तुझे सगळे आघात १०० वर आहेत. धा धी ना, धा ती ना. मोठ्याने म्हण. पहिला धा आणि दुसरा धा तुझ्या तोंडून सारख्या वजनाने निघतो का? नाही निघत. मग आकडे सारखे कसे? वर क्वांटाइझ करून सगळं रेघेला चिकटवलंस. आपल्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, दंडार हे लोकनाट्य उभं राहतं तेव्हा ढोलकीवाला समेच्या आधी किंचित रेंगाळतो. ते रेंगाळणं गाऊन पाहिलंस तरच तुला पुसावंसं वाटणार नाही.

तुझ्या बाबांची पेटी मी ओळखतो. ते काळी एकमध्ये गातात. तू सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मध्ये, आणलंस, कारण पडद्यावर सोपं दिसतं. त्यांना तिथे गाता येणार नाही असं नाही, पण आवाज त्या जागी फुलणार नाही. काळी एक म्हणजे डी फ्लॅट, पाच फ्लॅट खुणा. पाचच तर आहेत, लिही. जुनी पेटी कॉम्प्युटरच्या ठरलेल्या ४४० हर्ट्झच्या सुराशी तंतोतंत जुळेलच असं नाही. कॉम्प्युटरमधला आवाज सेंटमध्ये सरकवता येतो, एका पट्टीपासून लगतच्या (काळी असो वा पांढरी) पट्टीपर्यंत १०० सेंट. पेटी सरकत नाही, म्हणून सरकायचं ते कॉम्प्युटरने.

मला माहीत आहे, तू म्हणशील मास्तर जुन्या वळणाचे. वडशाच्या एका नाटक कंपनीने मला सांगितलं होतं, मास्तर, ऑर्गन राहू द्या, कीबोर्डातले तयार ठेके लावा. मी नाही म्हटलं. काम गेलं, घरी बोलणी खाल्ली. पण आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रंगमंचावर नट ओळ लांबवतो, वन्स मोअर येतो, कधी कुणी बक्षीस द्यायला मध्येच उठतो. तयार ठेका तेव्हा थांबत नाही, माणूस थांबतो. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही तेच म्हणेन.

खंत आहे ती वेगळीच. दंडारीच्या कितीतरी चाली ज्यांच्या तोंडात होत्या ती माणसं गेली आणि चालीही गेल्या. कुणी लिहून घेतल्या नाहीत. तुझ्या आजीला रोवणीची, म्हणजे भात लावतानाची, गाणी येतात ना? तुझ्याकडे लॅपटॉप आहे, फोन आहे, आणि तू परदेशी लूप शोधत बसतोस याचा मला राग येतो. तिच्याजवळ बस, तिच्या मागे म्हण, मग वहीत उतरव. भातखंड्यांची स्वर लिहायची पद्धत पुरे आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर, समेला फुली. लाईन गेली तरी वही चालते. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचून गा. आजीने मान हलवली तर बरोबर, नाही तर खोड.

त्यानंतर म्यूझस्कोर उघड, ते फुकट आहे. पाच रेघांवर तीच ओळ मांड आणि प्लेबॅक ऐक. आजीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिथे पायऱ्या पायऱ्यांनी ऐकू येईल. घाबरू नकोस. मिडीत सूर सरकवणारा पिच बेंड असतो, तो आपण दोघं मिळून पाहू. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, तेही फुकट. कीबोर्ड घ्यायचाच तर २५ पट्ट्यांचा बस झाला. नागपूरचं पुढच्या वर्षी पाहू.

रोवणी आटोपली की ये. फाईल पाठवू नकोस आता. आजीचं एक गाणं फोनवर गाऊन पाठव, टाळी देत, आणि कोणत्या पट्टीत गायलास ते सांग.

तुझा
मास्तर