पायथनमधून सीचं फंक्शन वापरताना

प्रश्न : 64 बिटी लिनक्सवर, पायथनच्या सीटाइप्समधून (सीची फंक्शनं पायथनमधून वापरू देणारं मॉड्यूल) सीच्या लायब्ररीतलं वर्गमुळाचं फंक्शन एसक्यूआरटी वापरून पाहिलं. 2.0 दिलं की 'आर्ग्युमेंट एरर' येते. नुसतं 2 दिलं तर एरर नाही, पण उत्तर भलतंच. मजकुराची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेन या सीच्या फंक्शनला 'पुणे' दिलं तर लांबी 2 येते. काय चुकतंय?
— वाचक, नाशिक

उत्तर : सीटाइप्सला ही फंक्शनं काय घेतात आणि काय परत देतात, हे ठाऊकच नाही. लायब्ररीच्या फाइलीत फंक्शनचं नाव आणि पत्ता असतो. फंक्शन काय घेतं-देतं त्याचे प्रकार हेडर फाइलीत, म्हणजे सीच्या घोषणांच्या वेगळ्या फाइलीत, असतात आणि ती सीटाइप्स वाचत नाही. मग ते अंदाजाने चालतं. पूर्णांक दिसला की सीचा इंट (पूर्णांकाचा प्रकार), बाइट्स दिसले की कॅरेक्टर पॉइंटर (अक्षरांच्या जागेचा पत्ता), स्ट्रिंग दिसली की वाइड कॅरेक्टर पॉइंटर (एकाहून जास्त बाइटच्या अक्षरांचा पत्ता). 2.0 सारख्या दशांश संख्येसाठी असा अंदाज ठरलेला नाही, म्हणून एरर. ती आली हे बरंच झालं.

खरा धोका 2 देण्यात आहे. इंटेल-एएमडीच्या 64 बिटी प्रोसेसरवर पूर्णांक एका रजिस्टरमधून (प्रोसेसरमधली छोटी साठवण) जातो, डबल (सीचा दशांश संख्येचा प्रकार) दुसऱ्याच, एक्सएमएम0 मधून. एसक्यूआरटी तिथे आधीचं जे पडलेलं असेल त्याचं वर्गमूळ काढतं. उत्तरही एक्सएमएम0 मध्येच ठेवतं, आणि सीटाइप्स मात्र ते इंटच्या रजिस्टरमध्ये शोधतं. फंक्शन वापरण्याआधी या दोन ओळी लिहा; आर्गटाइप्स म्हणजे फंक्शन काय घेतं, रेसटाइप म्हणजे काय परत देतं :

एसक्यूआरटी.आर्गटाइप्स = [सी_डबल]
एसक्यूआरटी.रेसटाइप = सी_डबल

पहिलीच लिहून दुसरी विसरलात तर 2 चा डबल नीट होईल, पण उत्तर तरीही कचराच येईल.

'पुणे'चं म्हणाल तर लिनक्सवर वाइड कॅरेक्टर 4 बाइटचं असतं. 'प'चे बाइट (सोळाच्या पायाच्या अंकलेखनात) 2ए, 09, 00, 00. स्ट्रलेन पहिल्या शून्यावर थांबतं, म्हणून 2. मजकूर यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटांत मांडण्याची पद्धत) एन्कोड करून द्या. प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, प्रत्येकी 3 बाइट, म्हणून 12 येतील. आर्गटाइप्समध्ये सी_चार_पी (कॅरेक्टर पॉइंटर) लिहिलंत तर चुकून दिलेली स्ट्रिंग दारातच अडेल. रेसटाइप सी_साइझ_टी (सीचा लांबीसाठीचा प्रकार) ठेवा.

प्रश्न : आमच्या लायब्ररीतलं एक फंक्शन मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारं सीचं फंक्शन) जागा घेऊन मजकूर परत देतं. रेसटाइप सी_चार_पी आहे. मजकूर बरोबर येतो, पण फ्री केलं (ती जागा मोकळी केली) की प्रोग्राम कोसळतो.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : सी_चार_पी लिहिलं की सीटाइप्स मजकुराची नक्कल करून बाइट्स देतं आणि मूळ पत्ता हरवतो. तुम्ही फ्री करता ती पायथनची स्वतःची मेमरी. रेसटाइप सी_व्हॉइड_पी (नुसता पत्ता) ठेवा, पत्ता नन (पायथनमधलं 'काहीच नाही') नाही हे तपासा, सीटाइप्सच्या स्ट्रिंग_अ‍ॅटने मजकूर काढून घ्या आणि मग तोच पत्ता फ्रीला द्या. फ्रीच्या आर्गटाइप्समध्येही सी_व्हॉइड_पी हवं, नाहीतर 64 बिटी पत्ता इंट समजून 32 बिटांवर कापला जातो. विंडोजवर डीएलएलचा (तिथली लायब्ररीची फाइल) सी रनटाइम, म्हणजे मॅलॉक-फ्री पुरवणारी सीची लायब्ररी, वेगळा असू शकतो. तिथे जागा मोकळी करणारं फंक्शन त्याच लायब्ररीत लिहून घ्या आणि तेच वापरा.