हँग होणारा पीसी : ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी

प्रश्न : गेल्या चवथीच्या सुट्टीत सुटे भाग आणून घरीच गेमिंग पीसी जुळवला. रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६०, एनव्हीएमई एसएसडी (साठवणुकीची डिस्क), ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. आधी ८ जीबीची एकच रॅम होती. मे महिन्यात तेवढीच दुसरी, पण वेगळ्या कंपनीची घातली. एक्सएमपी (रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी सोय) ३६०० वर चालू आहे. जूनपासून पीसी मध्येच थिजतो. चित्र जागच्या जागी, आवाज घुर्र करत अडकलेला, माऊस मेलेला. कधी गेममध्ये, कधी नुसता व्हिडिओ बघताना. दुकानात सांगतात, ग्राफिक्स कार्ड बदला. घरचे म्हणतात, पावसाच्या दमटपणाने झाले. खरे काय? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : कार्डासाठी तूर्त एक रुपयाही काढू नका. कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर कोलमडला की बहुधा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, नाहीतर गेम तेवढी बंद पडते. तुमच्याकडे आवाजासकट सगळेच थांबते. पुढच्या वेळी बंद करण्याआधी कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा पेटत-विझत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आले तर संशय कार्डावर. दिवा हललाच नाही तर रॅम, प्रोसेसर, बोर्ड किंवा वीजपुरवठा. एसएसडी दगा देते तेव्हा चाल निराळी असते : माऊस काही वेळ फिरतो, उघडलेल्या खिडक्या हलतात, पण जे नवे उघडाल ते अडकत जाते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. त्याला घाबरू नका आणि त्यावरून पॉवर सप्लायही बदलू नका. पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते, आणि बटण तर तुम्हीच दाबून धरले होते. पाहायचे ते तिच्या आधीच्या काही मिनिटांत. तिथे ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा पीसीआय मार्गाची तक्रार आहे. ‘स्टोरएनव्हीएमई १२९’ असेल तर एसएसडी उत्तर देत नव्हती. काहीच नसेल तरी रॅम निर्दोष ठरत नाही. नोंद लिहायलाही यंत्राला शुद्ध लागते.

तुमच्या पत्रातली खरी खूण मे महिन्यातली दुसरी रॅम आहे. रॅमच्या दोन कांड्यांवर ३६०० छापलेले असले तरी आतल्या चिप आणि टायमिंग वेगळे असू शकतात. एकेकटी धावणारी जोडीने अडखळते. शिवाय एक्सएमपी हे मुळात ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपुढे वेग ताणणे. ५६०० प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर४ ३२०० आहे.

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (काही बोर्डांवर नाव डीओसीपी) बंद करा. रॅम २१३३ ते २६६६ च्या आसपास येईल, गेम थोडी मंदावेल, ते चालू द्या. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे ना, तेही बघा. नेहमीसारखा चार दिवस वापर करा. एकदाही हँग झाला नाही तर दोष सापडला. मग ३२०० वर, १.३५ व्होल्ट ठेवून पुन्हा चार दिवस. तरीही हँग झालाच तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घालून रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. चूक एकही येता कामा नये. ‘दोनच आल्या’ म्हणजे नापास. चूक आली की एकेक कांडी त्याच खाचेत घालून तपासा, म्हणजे गुन्हेगार कांडी की खाच ते कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्यावर पीसी बरा झाला तर कशाने, ते कधीच कळत नाही.

रॅम स्वच्छ निघाली आणि पीसी विशेषतः हलक्या कामात थिजत असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा आणि ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा. प्रोसेसर विश्रांतीत फारच कमी वीज ओढतो तेव्हा काही पॉवर सप्लाय नीट साथ देत नाहीत. तापमानावर फार वेळ घालवू नका : तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो, मग बंद पडतो, थिजत क्वचितच.

आता दमटपणा. चालू पीसी आतून खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे ओल तिथे टिकत नाही. धोका दोनदा : यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहिले तर, आणि एसीने थंड झालेल्या खोलीची खिडकी उघडली तर. पावसाळ्यात इथला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते) २४-२५ अंशांच्या आसपास जातो, आणि २० अंशांपर्यंत थंड झालेल्या धातूवर पाणी धरते. अशा वेळी तासभर थांबून मगच सुरू करा. रॅमचे सोनेरी टोक ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. खोडरबरने घासायची रीत सगळीकडे आहे, पण तिचा चुरा खाचेत उरतो आणि मुलामाही झिजतो.

प्रश्न : कॅबिनेटच्या लोखंडाला हात लागला की झिणझिण्या येतात. यूएसबी हेडफोनचा संपर्कही मधूनच तुटतो. — एक वाचक, वास्को

उत्तर : अर्थिंग नाही, किंवा तुटलेले आहे. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या कॅबिनेटवर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरात घातला असेल तर तो आजच काढा. वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या : फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ भलताच आकडा आला तर दोष वायरीत किंवा बाहेरच्या खड्ड्यात. जांभ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालून पुन्हा मोजायला सांगा. तोवर पीसी त्या सॉकेटवर लावू नका.