खाडीकाठचा भराव आणि परवानगी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कोकणातल्या प्लॉटांचे प्रदर्शन पुण्यात भरले की पुढचा महिनाभर माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहतो: भरतीचे पाणी शिरणाऱ्या जमिनीवर भराव टाकून ती वापरात आणायची परवानगी कोणाकडे मागायची? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा व्यवहार आधी झालेला असतो आणि शंका नंतर आलेली असते. म्हणून निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. ही उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपल्या गटाचा नकाशा आणि कागद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शेवटचा शब्द कोणी देऊ नये आणि दिला तर तो आपण मानू नये.

दापोली तालुक्यात खाडीलगत वीस गुंठे जमीन घेतली आहे. उधाणाला तिच्या तिसऱ्या हिश्शात गुडघाभर पाणी येते. तेवढ्या भागात मुरूम टाकून उंची वाढवायची आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा की पर्यावरण विभागाकडे? (कोथरूड)

अर्ज कोठे करावा, हा दुसरा प्रश्न झाला. असा अर्ज मंजूर होण्यासारखा आहे का, हा पहिला. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जेथपर्यंत चढते ती भरतीरेषा आणि ओहोटीला ते जेथपर्यंत उतरते ती ओहोटीरेषा, या दोहोंमधल्या पट्ट्याला किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत ‘एक-ब’ हा वर्ग दिलेला आहे. या पट्ट्यात भराव घालणे, बांध घालणे किंवा समुद्राच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवणे यांना मुळात मनाई आहे आणि जे अपवाद आहेत ते मोजके आहेत: बंदरे, जेट्ट्या, धक्के, पूल आणि सागरी सेतू यांसारखी किनाऱ्यावाचून होऊच न शकणारी कामे, संरक्षण खात्याचे प्रकल्प, खांबांवरचे रस्ते, शास्त्रीय अभ्यासाच्या आधारे केलेली धूपप्रतिबंधक कामे, जलमार्गांची सफाई आणि खाऱ्या पाण्याचा शिरकाव रोखणारी बांधकामे. बंगल्यासाठी अंगण वाढवणे या यादीत नाही. तेव्हा आपल्या अर्जाला जिल्हाधिकारी कार्यालयातून एक उत्तर आणि पर्यावरण विभागातून दुसरे उत्तर मिळेल, अशी आशा कोणी दाखवली असेल तर ती सोडून द्यावी.

उरलेल्या दोन हिश्शांचे काय, हे मात्र तपासण्यासारखे आहे. खाडीच्या काठाने भरतीरेषेपासून पन्नास मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके अंतर, यांपैकी जे कमी असेल तेवढ्या पट्ट्यावर नियमन लागू होते. त्यामुळे अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणातला नकाशा करून घेऊन त्यावर आपला गट बसवून पाहिल्याशिवाय एक टोपलीही माती टाकू नये.

पण सातबारा माझ्या नावावर आहे. मग पाण्याखालची जागा सरकारची कशी? (त्याच वाचकांचे दुसरे पत्र)

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० प्रमाणे समुद्राचा आणि खाडीचा भरतीरेषेखालचा तळ शासनाचा असतो. आपल्या गटाची हद्द त्या रेषेच्या आत किती जाते आणि तेथे आपला हक्क कसा सिद्ध होतो, हे भूमी अभिलेखाची मोजणी आणि जुने फेरफार घेऊन वकिलांना दाखवावे. जमीन निर्विवाद आपली ठरली तरीही भरावाचे उत्तर बदलत नाही, कारण सीआरझेडची अधिसूचना मालकी पाहून लागू होत नाही.

आमची जमीन समुद्रापासून बरीच आत, नदीकाठी आहे. तिला सीआरझेड लागत नाही ना? (औंध)

अंतरावर ठरत नाही, खारटपणावर ठरते. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्यातले क्षार हजारी पाच भाग असतील तेथपर्यंत नियमन पोहोचते आणि वाशिष्ठीसारख्या नदीत भरतीचे पाणी चिपळूणजवळ गोवळकोटापर्यंत चढते, हे तेथल्या कोणालाही विचारून घ्यावे. पावसाळ्यात पाणी गोड लागले म्हणून निश्चिंत होऊ नये. नकाशा पाहावा.

प्रदर्शनातल्या एका कंपनीच्या माहितीपत्रकावर ‘क्रीक-टच, सीआरझेडमुक्त’ असे छापले आहे. शिवाय त्यांचे सल्लागार ठोक रकमेत पंधरा दिवसांत ‘एनओसी’ आणून देतो म्हणतात. विश्वास ठेवावा का? (सिंहगड रस्ता)

नाही.

जे खाडीला टेकलेले आहे ते सीआरझेडमुक्त कसे असेल, हा प्रश्न पत्रक छापणाऱ्याला पडला नसेल तर घेणाऱ्याला तरी पडायला हवा. ज्या कागदाला हे लोक ‘एनओसी’ म्हणतात तो बहुधा ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा कोणा खाजगी सर्वेक्षकाचे एक पानी पत्र निघते. ग्रामपंचायतीला भरतीरेषा हलवण्याचा अधिकार नाही आणि सर्वेक्षकालाही नाही. बिनशेतीचा आदेश दाखवला जातो, तोही सीआरझेडच्या मंजुरीची जागा घेत नाही. विक्रेत्याकडे मान्यताप्राप्त किनारा व्यवस्थापन आराखड्यावर गट नंबर दाखवणारा नकाशा मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, की ‘आज टोकन दिले तर हाच भाव’ असे ऐकू येते. त्या वेळी उठून बाहेर यावे आणि व्यवहार आपल्या स्वतंत्र वकिलांना दाखवल्याखेरीज परत जाऊ नये. विक्रेत्याने सुचवलेला वकील स्वतंत्र नसतो.

मूळ गाव पेण तालुक्यात. आमच्या खारातल्या भातशेतीचा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, चार वर्षांपूर्वी उधाणात फुटला, खांड (बांधाला पडलेले भगदाड) बुजवली गेली नाही, आणि आता शेतात तिवर, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवली आहे. बांध दुरुस्त करून शेती पुन्हा सुरू करायची आहे. त्यासाठी नवीन भरावाची परवानगी लागेल का? (पिंपरी)

या एका प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण हौशी बंगलेवाल्यांच्या पत्रांखाली असली पत्रे दबून जातात आणि नुकसान खरे तर यांचे होते.

आपण विचारता ती नवी भरणी नव्हे. रायगडातल्या खारेपाटात समुद्राचे पाणी अडवून भात पिकवण्याची पद्धत शतकांची आहे. चिखलमातीचा बांध, त्यात ठरावीक ठिकाणी उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी दारे, आणि उघाडीची झडप अशी बसवलेली की भरतीचे पाणी तिला बाहेरून दाबून मिटवते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. कोकणातला पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो आणि त्यावर खरिपाचे एक पीक उभे राहते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेली पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही क्षार सोसणारी भाताची वाणे अशाच जमिनींसाठी आहेत. या साऱ्या व्यवस्थेचा जीव बांधावर असतो. खेकड्याच्या बिळातून पाझर सुरू होतो. झडपेत ओंडका किंवा प्लास्टिकचे पोते अडकले की ती दोन बोटे उघडी राहते आणि प्रत्येक भरतीला खारे पाणी आत येत राहते. पुढे एखाद्या अमावास्येच्या उधाणात त्याच जागी खांड जाते. पहिल्या आठवड्यात ती दहा-बारा माणसे आणि मातीच्या गोण्या यांनी आवरते. दोन पावसाळे गेल्यावर तेथे खाडीचा फाटा झालेला असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे, १९९१ च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेपूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधाच्या रेषेवरच धरली जाते. आतली शेती त्यामुळे वाचते. त्याच तरतुदीत पुढे असे आहे की बांधाच्या आत खारे पाणी शिरून कांदळवन उगवले असेल, तर त्याचे क्षेत्र कितीही लहान असले तरी ते ‘एक-अ’ या सर्वांत कडक वर्गात जाते आणि विकासकामासाठी वळवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचे संरक्षण जमिनीच्या मालकीवर अवलंबून ठेवलेले नाही. तोड करायची तर सार्वजनिक हिताचे कारण न्यायालयापुढे मांडावे लागते. म्हणजे आपल्या आजोबांनी पिकवलेल्या वाफ्यात आपल्या डोळ्यांदेखत उगवलेली तिवर आज आपण कोयत्याने तोडली तर गुन्हा आपल्यावर नोंदला जाईल. खांड वेळेत न बुजवणाऱ्यांवर नाही. कांदळवनाविषयी माझी तक्रार नाही, किनाऱ्याला ते हवेच. राग आहे तो खांड गेल्यापासून अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत वाया जाणाऱ्या वर्षांवर, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत बसणाऱ्या गावकीवरही.

तेव्हा तिवरीला हात लावू नका आणि रातोरात पोकलेन आणून बांध घालू नका. आधी आपला बांध खारभूमी विभागाच्या योजनेतला आहे की खाजगी, हे विभागाच्या पेणच्या कार्यालयात लेखी विचारा. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ खालच्या योजनेतला असेल तर दुरुस्तीची मागणी तेथेच होते. बांध १९९१ पूर्वीचा असल्याचे पुरावे गोळा करा: जुने गावनकाशे, पिकपाण्याच्या नोंदी, सारा भरल्याच्या पावत्या, जुनी उपग्रहचित्रे. कांदळवन किती क्षेत्रावर आहे, याची वन विभागाच्या उपस्थितीत मोजणी मागा. त्यानंतर, कांदळवन नसलेला भाग वाचवण्यासाठी बांधाची रेषा कशी घेता येईल आणि तिला कोणाकोणाची मंजुरी लागेल, हे पर्यावरण कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून ठरवून घ्या. चार वर्षांनंतर संपूर्ण जमीन परत मिळेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

ज्यांची खांड याच वर्षी गेली आहे त्यांनी हे वाचून उद्याच तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि विभागाच्या संमतीने तात्पुरती बांधबंदिस्ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाण्याचा जोर कमी असताना करून घ्यावी. उधाणात टाकलेली माती उधाणच नेते.

मग मुंबईत कोस्टल रोडसाठी एवढा भराव कसा घातला? सरकारला एक न्याय आणि आम्हाला दुसरा का? (सदाशिव पेठ)

त्या प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली होती आणि त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्थगिती दिल्यावर काम पुढे सरकले, एवढे लक्षात घेतले तर सरकारलाही ते सुखासुखी मिळाले नाही, हे दिसेल. सार्वजनिक रस्ता आणि खाजगी अंगण यांची तुलना पेठेतल्या गप्पांसाठी ठीक आहे, अर्जात ती लिहू नये.

आमची संस्था मच्छीमारांसाठी छोटी जेट्टी आणि तिच्यामागे थोडी भरणी करू इच्छिते. कागदपत्रे कोणती आणि वेळ किती? (हडपसर)

जेट्टी हा मान्य अपवाद असल्याने येथे अर्ज करण्यात अर्थ आहे. विहित नमुन्यातला अर्ज, पर्यावरणीय परिणामांचा अहवाल, भरतीरेषा व ओहोटीरेषा दाखवणारा १:४००० चा नकाशा आणि त्यावर बसवलेला प्रकल्पाचा आराखडा, आपत्ती व्यवस्थापनाचा अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ना-हरकत पत्र, असा संच केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावरून सादर होतो; जेट्टी असल्याने महाराष्ट्र सागरी मंडळाशीही आधीच बोलावे. राज्याचे किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण शिफारस करते आणि ‘एक’ व ‘चार’ (ओहोटीरेषेपलीकडचे पाणी) या वर्गांतल्या कामांवर सर्वसाधारणपणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालय निर्णय घेते. शिफारशीसाठी साठ दिवसांची मुदत आहे, पण ती परिपूर्ण अर्जापासून मोजली जाते. अपुरा संच भरून ‘फाईल अडकली’ म्हणणारे बरेच असतात. कांदळवन बाधित होत असेल तर त्याच्या किमान तिप्पट लागवडीची अट येते आणि न्यायालयाची पायरीही. त्यामुळे जागा निवडतानाच वन विभागाला दाखवावी.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून भरावाची परवानगी मिळते, असे ऐकले. जवळच असल्याने तेथे जाऊ का? (वारजे)

मिळत नाही. ते केंद्र लाटा, प्रवाह आणि गाळ यांचा शास्त्रीय अभ्यास करते. तो अभ्यास मोठ्या प्रकल्पाच्या अर्जाला जोडतात.

विकत घ्यायच्या जमिनीवर आधीच्या मालकाने डेब्रिज टाकून सपाटी केलेली आहे. एजंट म्हणतो, आता कायदा बदलला, फक्त दंड भरायचा. (बाणेर)

एजंटने अर्धी बातमी वाचलेली आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियमातल्या शिक्षेच्या कलमात जनविश्वास अधिनियम, २०२३ ने बदल होऊन तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, हे खरे. दंड भरला म्हणून भराव कायदेशीर होत नाही. तो स्वखर्चाने उचलून जागा पूर्ववत करण्याचा आदेश येऊ शकतो, हरित न्यायाधिकरण वेगळी भरपाई लावू शकते, आणि खाली कांदळवन गाडले गेले असेल तर वन कायदा उभा राहतो. केरळात मराडू येथे सीआरझेडचा भंग करून उभ्या राहिलेल्या चार निवासी संकुलांच्या इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये स्फोटकांनी पाडल्या. तेथे घर घेणाऱ्यांनीही पैसे मोजलेलेच होते. ही जमीन घेऊ नये. विसार दिला असेल तर आजच वकील गाठावा.

कोळंबीचे तळे करण्यासाठी खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) बांध घातला तर तो शेतीचा बांध धरतात का? (चिंचवड)

नाही. तटीय मत्स्यशेतीसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा असून २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आहे. तटीय जलसंवर्धन प्राधिकरणाकडील नोंदणीविषयी आधी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे.

आमच्या गावाशेजारच्या एका प्रकल्पाला खाडीत भराव घालण्याची मंजुरी मिळाली आहे. गावाला ती मान्य नाही. आदेश मिळून चाळीस दिवस झाले; गणपतीनंतर बैठक घेऊन ठरवावे म्हणतो. पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणात जाता येईल का? (धनकवडी)

अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून तीस दिवसांची आहे आणि ती संपली आहे. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायाधिकरण आणखी साठ दिवसांपर्यंतचा विलंब माफ करू शकते, त्यापुढे नाही. म्हणजे आपल्या हाती आता पन्नास दिवस आहेत आणि तेही विलंबाचे कारण पटले तर. बैठक गणपतीआधी घ्यावी, आणि बैठकीच्याही आधी आदेशाची प्रत घेऊन वकिलांकडे जावे.