एसी दुरुस्त करू, नवा घेऊ, की एफडी मोडू?

प्रश्न: आम्ही मुलुंड पूर्वेला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे. तिथला दीड टनी साधा एसी 12 वर्षं जुना आहे, रात्री आठ तास 21 वर लावतो. आता कॉइल गळतेय. ती बदलून गॅस भरायचे मेकॅनिक 9,000 रुपये सांगतोय. नवा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर रोखीने 43,000 ला आहे, वर्षभराच्या नो-कॉस्ट ईएमआयवर 45,000 ला. मे महिन्यात 420 युनिट पडली, बिल 5,400 आलं. दुकानदार म्हणतो, बिलातूनच पैसे वसूल होतील. हे म्हणतात, दीड लाखाची एफडी मोडू. आमच्याकडे बाजूला ठेवलेले पैसे तेवढेच आहेत. की एअर कूलरवर भागवावं?

उत्तर: ताई, नवा एसी घ्या. पण दुकानदार सांगतोय त्या कारणासाठी नको, आणि एफडी मोडून तर मुळीच नको.

आधी वसुलीचं बघू. रात्री आठ तास, मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत आणि पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यात, असे वर्षाला साधारण 960 तास तुमचा एसी चालतो. जुन्यापेक्षा नवा तासाला अर्धं युनिट कमी खाईल असं धरलं, तर 480 युनिट वाचतात. आता तुमचं बिल हातात घ्या. 300 च्या वरची युनिट महाग टप्प्यात जातात, आणि वाचणारं युनिट आधी तिथलंच निघतं. म्हणून सरासरी दर धरू नका. वरच्या टप्प्याच्या दरात वहन आकार (वीज पोचवण्याचे पैसे) आणि 16 टक्के वीज शुल्क मिळवा. काही युनिट खालच्या टप्प्यातलीही निघतील, तेव्हा मी 15 रुपये धरतो. वर्षाला 7,200 वाचले. दुरुस्तीपेक्षा जास्तीचे 34,000 वसूल व्हायला पावणेपाच वर्षं.

पण तुम्ही एसी 21 वर लावता असं लिहिलंय. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. पंखा चालू ठेवून 26 वर लावलात तर जुन्या एसीचाही खर्च पाव हिश्श्याहून थोडा जास्तच उतरेल, तोही फुकटात. ती बचत नव्या यंत्राच्या नावावर लिहायची नाही. ती वजा केली की वसुली साडेसहा वर्षांवर जाते.

तरीही नवाच घ्या म्हणतो, कारण खाडीच्या खाऱ्या हवेत 12 वर्षं काढलेल्या यंत्रात 9,000 घालायला माझं मन धजावत नाही. आज कॉइल गेली, उद्या कॉम्प्रेसर जाईल. नवीन घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षं, हे बिलावर लिहून घ्या. लेबलवर छापलेली वार्षिक युनिट 1,600 तासांची असतात. त्यांना 0.6 ने गुणलंत की तुमच्या वापराचा आकडा मिळेल. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमधला फरक असाच काढा. रोज रात्री लागणाऱ्या खोलीत फाइव्ह स्टार परवडतो. पाहुण्यांच्या खोलीसाठी मी थ्री स्टार सांगितला असता.

एअर कूलरचा विचार सोडून द्या, मुंबईच्या दमट हवेत तो नुसता ओल वाढवतो. त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलं असतंच. स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग द्यायचा विषय सोसायटीच्या सभेत जरूर काढा. वरच्या मजल्यावर रात्री छतच तापलेलं असतं, आणि एसीचं बरंच बळ त्याच्याशी झुंजण्यात जातं.

आता पैसे. नो-कॉस्ट म्हणजे रोखीची 2,000 ची सूट गेली. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. एफडी मोडली तर दंड फार नसेल, पण घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हाताशी काय राहील? बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तेवढे पैसे उचलता येतात. त्याचा दर बहुधा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. 8 टक्के धरून 43,000 दहा महिन्यांत फेडलेत तर व्याज सुमारे 1,600 होईल. ईएमआयपेक्षा हे थोडं स्वस्त. शिवाय जूनमध्ये शाळेची फी भरायची असेल तर त्या महिन्यात मुद्दल कमी भरलंत तरी चालतं, आणि एफडीवरचं व्याज चालूच राहतं. अर्जाला फार तर एक-दोन दिवस लागतील. तोवर दुकानदाराला रोखीच्या दराचं कोटेशन लेखी द्यायला सांगा.